पुठ्ठ्याच्या टाइल्स, तराजू आणि स्लायडर: बीजगणित हाताने शिकवायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये अनुभवातून शिकण्यावर भर दिला गेला आणि तेव्हापासून शाळांच्या पालकसभांत ‘कृतीतून शिक्षण’ हे शब्द सारखे कानावर पडतात. गणिताच्या तासाला मुलं रंगीत पुठ्ठ्याचे तुकडे मांडत बसलेली दिसतात, वर्गात मोठा टच पॅनल आलेला असतो आणि पालक विचारतात, हे सगळं ठीक आहे, पण बीजगणित कधी शिकवणार? प्रश्न रास्त आहे. तुकडे मांडून बीजगणित आपोआप येत नाही आणि पडद्यावर बोट सरकवूनही येत नाही. हातातली वस्तू आणि वहीत लिहिलेली ओळ यांची गाठ घातली, तरच ते येतं. ती गाठ कशी घालायची आणि ती कुठे सुटते, ते क्रमाने पाहू.

(पाठ्यपुस्तकात जिथे ‘एक्स’ आणि ‘वाय’ असतात तिथे या लेखात क्ष आणि य लिहिले आहेत.)

## मुळात अडतं कुठे?

सातवी-आठवीच्या जवळजवळ प्रत्येक वर्गात ३क्ष + २ याचं उत्तर ५क्ष लिहिणारी मुलं असतात. ती निष्काळजी नसतात. पहिलीपासून त्यांना प्रत्येक बेरजेचं एकच, बंद झालेलं उत्तर मिळत आलेलं असतं. मधे अधिक चिन्ह तसंच राहिलेलं उत्तर त्यांना अर्धवट वाटतं, म्हणून ती ते पुरं करतात.

यावर सरसकट एक उपाय केला जातो: अ म्हणजे आंबे, ब म्हणजे बोरं, तीन आंबे आणि दोन बोरं एकत्र मोजता येत नाहीत, म्हणून ३अ + २ब तसंच ठेवायचं. त्या दिवसापुरतं काम भागतं, पण पुढे हाच उपाय महागात पडतो. अ म्हणजे आंबा असेल तर अ × ब म्हणजे काय? आंबा गुणिले बोर याला काहीच अर्थ नाही. बीजगणितातलं अक्षर वस्तूचं नाव नसतं, ते संख्येच्या जागी उभं असतं. ‘अ म्हणजे एका आंब्याची किंमत रुपयांत’ असं म्हटलं की ३अ म्हणजे तीन आंब्यांचे पैसे, आणि मग गुणाकार, वर्ग, भागाकार सगळ्यालाच अर्थ येतो.

हा गोंधळ लहान वयात संपत नाही. एका प्राध्यापकामागे सहा विद्यार्थी आहेत; विद्यार्थ्यांची संख्या व आणि प्राध्यापकांची संख्या प असेल तर समीकरण लिहा, हा प्रश्न १९८० च्या सुमारास अमेरिकेत अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना विचारला गेला. एक तृतीयांशाहून अधिक जणांचं उत्तर चुकलं, आणि बहुतेकांची चूक एकच होती: ६व = प. बरोबर उत्तर व = ६प. चुकणाऱ्यांनी व म्हणजे ‘विद्यार्थी’ असं वाचलं, ‘विद्यार्थ्यांची संख्या’ असं नाही.

तीन शब्द इथेच समजून घेऊ, पुढे ते लागतील. ज्या संख्येची किंमत अजून माहीत नाही किंवा जी बदलू शकते, ती चल. संख्या आणि चल यांच्या गुणाकाराने बनलेला तुकडा म्हणजे पद, जसं ५क्ष. नुसती संख्याही पदच. आणि दोन राशी (राशी म्हणजे एक किंवा अधिक पदांची मांडणी, जसं ५क्ष + २) सारख्या आहेत असं सांगणारं विधान म्हणजे समीकरण.

या शेवटच्या शब्दात दुसरी मोठी अडचण लपलेली आहे. ८ + ४ = ☐ + ५ यातली चौकट भरायला सांगा. खूप मुलं १२ लिहितात, काही १७. बरोबर उत्तर ७ आहे. बरोबरचं चिन्ह म्हणजे ‘आता उत्तर लिहा’ असा हुकूम, अशी त्यांची समजूत झालेली असते. ती बदलल्याशिवाय समीकरणं शिकवायला घेऊ नयेत. आठवडाभर रोज अशी दोन-तीन उदाहरणं फळ्यावर द्यावीत. याला साहित्य लागत नाही.

## तराजू: समीकरण हातात घेऊन बघणं

वाण्याच्या दुकानातला जुना दोन पारड्यांचा तराजू हे समीकरणाचं सगळ्यात प्रामाणिक रूप आहे. दोन्ही बाजू सारख्या असल्या की दांडी आडवी. एका पारड्यातून काही काढलं, तर तेवढंच दुसऱ्यातून काढल्याशिवाय ती आडवी राहत नाही.

वर्गासाठी तो बनवायला कपड्यांचा हँगर, दोरा आणि दोन कागदी कप पुरतात. हँगर खुंटीवर घट्ट बसवू नका, दोऱ्याने मोकळा टांगा. कप रिकामे असताना तो आडवा राहतो का बघा. एक बाजू खाली जात असेल तर दुसऱ्या बाजूला चिकटपट्टीचा तुकडा लावत जा. मग एका कपात एक नाणं टाका. दांडी डोळ्याला दिसेल इतकी कलली पाहिजे. कलली नाही तर नाण्यांऐवजी काचेच्या गोट्या घ्या.

रुपयाची नाणी वापरणार असाल तर सगळी एकाच मालिकेतली हवीत. १९९० च्या दशकातलं रुपयाचं नाणं ४.८५ ग्रॅमचं आहे आणि २०११ नंतरचं ३.७९ ग्रॅमचं. दोन्ही मिसळली तर बरोबर मांडलेलं समीकरणही तिरकं दिसतं आणि मुलांचा तराजूवरचा विश्वासच उडतो.

आता २क्ष + ३ = ११ मांडू. क्ष म्हणजे बंद काडेपेटी. दोन पेट्यांत प्रत्येकी चार नाणी मुलांच्या नकळत भरा आणि रबर लावा. डाव्या कपात या दोन पेट्या आणि तीन सुटी नाणी. उजव्या कपात अकरा नाणी आणि दोन रिकाम्या काडेपेट्या. या रिकाम्या पेट्या अनेक जण विसरतात. पेटीला स्वतःचं वजन असतं. ते दुसऱ्या बाजूला भरून दिलं नाही तर तराजू चुकीचं बोलतो.

दोन्हीकडून तीन-तीन नाणी काढा. दांडी आडवीच राहते. त्याच क्षणी वहीत ओळ लिहायची: २क्ष = ८. मग दोन्ही बाजू निम्म्या करा: डावीकडून एक पेटी काढा, उजवीकडून चार नाणी आणि एक रिकामी पेटी. दांडी आडवी, वहीत क्ष = ४. शेवटी पेटी उघडा आणि मोजा. उत्तर ताडून पाहण्याची सवय इथेच लागते.

कृती आधी आणि सगळं लिखाण शेवटी, असं मात्र करू नका. प्रत्येक हालचालीनंतर एक ओळ, हा नियम कडक पाळला तरच तराजूचा उपयोग. नाहीतर मुलांच्या लक्षात काडेपेट्या राहतात, समीकरण राहत नाही.

‘पद बाजू बदलतं तेव्हा चिन्ह बदलतं’ हा नियम नुसता पाठ करून घेतला की २क्ष = ८ पासून क्ष = ८ − २ = ६ असं लिहिणारी मुलं हमखास निघतात. त्यांच्या लेखी २ बाजू बदलतो, म्हणून उणे होतो. तराजूसमोर उभं करून अशा मुलाला विचारा, ‘कपात दोन पेट्या आहेत, दोन नाणी नाहीत, मग दोन काढायचे म्हणजे नेमकं काय काढणार?’ बहुतेकदा एवढं पुरतं.

पण तराजूची मर्यादाही मुलांना सांगून टाका. क्ष + ५ = २ यात क्ष उणे ३ आहे आणि उणे तीन नाण्यांची पेटी कुणाला भरता येत नाही. ऋण संख्या आल्या की तराजू बाजूला ठेवायचा.

## टाइल्स: एका ए-फोर कार्डशीटमधून पूर्ण संच

‘अल्जेब्रा टाइल्स’ म्हणजे तीन आकारांचे तुकडे. छोटा चौरस म्हणजे १, लांबट पट्टी म्हणजे क्ष, मोठा चौरस म्हणजे क्ष². ही नावं मनाने दिलेली नाहीत, ती क्षेत्रफळं आहेत. छोट्या चौरसाची बाजू १ मानली आणि पट्टीची लांबी क्ष, तर पट्टीचं क्षेत्रफळ १ × क्ष आणि मोठ्या चौरसाचं क्ष × क्ष. गुणाकार म्हणजे आयताचं क्षेत्रफळ, एवढं पाचवी-सहावीतलं ज्ञान या साधनामागे पुरतं.

मापं अशी घ्या: छोटा चौरस २ × २ सेंमी, पट्टी २ × ७.३ सेंमी, मोठा चौरस ७.३ × ७.३ सेंमी. ए-फोर कार्डशीट उभी धरा. वरच्या ७.३ सेंमीच्या आडव्या पट्ट्यात दोन मोठे चौरस आणि तीन उभ्या पट्ट्या बसतात (एकूण रुंदी २०.६ सेंमी). खाली तसाच आणखी एक पट्टा. त्याखाली ७.३ सेंमीचा तिसरा पट्टा, त्यात दहा उभ्या पट्ट्या. उरलेल्या भागात छोट्या चौरसांच्या तीन ओळी, प्रत्येकी दहा. एका शीटमधून ४ मोठे चौरस, १६ पट्ट्या, ३० छोटे चौरस निघतात आणि दोन मुलांना एवढा संच पुरतो. कापण्याआधी शीटच्या मागे लाल घोटीव कागद चिकटवा. लाल बाजू म्हणजे ऋण. लाल बाजूवर पेनाने ठळक − काढायला विसरू नका. काही मुलांना लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही आणि ती हे सांगतही नाहीत.

७.३ हे विचित्र माप मुद्दाम घेतलं आहे. पट्टी ८ सेंमीची केली तर तिच्या शेजारी चार छोटे चौरस बरोबर बसतात आणि मुलं लगेच म्हणतात, क्ष म्हणजे ४. मग ती राशी राहत नाही, मोजणी होते. ७ सेंमीही नको, कारण दोन पट्ट्या आणि सात छोटे चौरस जुळतात. जमलं तर दोन-तीन संच ८.७ सेंमीच्या पट्टीचे करा आणि वेगळ्या गटांना द्या. पट्टीची लांबी वेगळी असूनही दोन्ही गटांचे आयत एकाच रीतीने जुळतात, हे मुलांना स्वतः दिसू द्या. क्ष कितीही असला तरी ही ओळ खरी आहे, हे त्यांना त्यातून कळतं, आणि चल शिकवण्याची याहून चांगली रीत सापडणं कठीण.

एक पट्टी आणि एक लाल पट्टी मिळून शून्य. या ‘शून्य जोडी’चा उपयोग दोन्हीकडून होतो: उरलेली जोडी उचलून टाकता येते आणि गरज पडली तर नवी आणून ठेवता येते.

## मधलं पद फोडायचं कशासाठी?

(क्ष + २)² = क्ष² + ४ ही चूक राज्यभरातल्या उत्तरपत्रिकांत दरवर्षी सापडते. टेबलावर ती टिकत नाही. मुलाला सांगा, वरच्या कडेला क्ष + २ आणि डाव्या कडेला क्ष + २ अशी चौकट आख आणि ती भर. एक मोठा चौरस बसतो, कोपऱ्यात चार छोटे बसतात आणि दोन मोकळ्या जागा उरतात. प्रत्येकीत दोन पट्ट्या. एकूण क्ष² + ४क्ष + ४. विसरलेलं ४क्ष समोर भोक होऊन दिसतं.

आता उलटं. क्ष² + ५क्ष + ६ चे अवयव पाडा म्हणजे काय, तर एक मोठा चौरस, पाच पट्ट्या आणि सहा छोटे चौरस वापरून पूर्ण आयत करा. मुलं मोठा चौरस डाव्या वरच्या कोपऱ्यात ठेवतात. काही जण सहा छोटे चौरस एका ओळीत लावून बघतात. तसं केलं तर चौरसाच्या एका बाजूला सहा आणि दुसऱ्या बाजूला एक, अशा सात पट्ट्या लागतात. हातात पाच आहेत. मग छोटे चौरस दोन ओळींत तीन-तीन लावतात. एका बाजूला तीन पट्ट्या, दुसऱ्या बाजूला दोन. आयत जुळला: कडा क्ष + ३ आणि क्ष + २.

आठवीच्या पुस्तकात ‘गुणाकार ६ आणि बेरीज ५ येईल अशा दोन संख्या शोधा’ असं जे सांगतात, ते इथे घडलेलं आहे. गुणाकार ६ का? कारण छोट्या चौरसांचा आयत ६ चा आहे. बेरीज ५ का? कारण त्या आयताच्या दोन कडांना लागून पट्ट्या उभ्या राहतात. मधलं पद फोडणं म्हणजे पट्ट्या दोन बाजूंना वाटणं.

लगेच दुसरा प्रश्न द्या: क्ष² + ४क्ष + ६. चार पट्ट्यांची वाटणी १ आणि ३ केली तर कोपरा ३ चा, २ आणि २ केली तर ४ चा. सहा कधीच बसत नाहीत. पूर्णांक वापरून या राशीचे अवयव पडत नाहीत, हे मुलं पटवून देऊ शकतात. एरवी अशा वेळी ती स्वतःचंच काहीतरी चुकलं असं धरून बसतात.

ऋण पदं आली की हात थोडे अडखळतात. क्ष² − क्ष − ६ साठी एक मोठा चौरस, एक लाल पट्टी आणि सहा लाल छोटे चौरस आहेत. छोट्या चौरसांचा २ × ३ आयत केला की एका बाजूला तीन लाल पट्ट्या हव्यात आणि दुसऱ्या बाजूला दोन साध्या. म्हणून दोन शून्य जोड्या आणाव्या लागतात. कडा क्ष − ३ आणि क्ष + २. असं एकदा-दोनदा करून थांबा. लाल तुकड्याचं क्षेत्रफळ खरोखर ऋण नसतं, तो फक्त हिशेबाचा संकेत आहे. इथून पुढे चित्र आणि मग अक्षरं जास्त सोपी पडतात.

## पूर्ण वर्ग पद्धत आणि बाराशे वर्षांपूर्वीचा चौरस

दहावीच्या वर्गसमीकरणांत पूर्ण वर्ग पद्धत सगळ्यात रुक्ष वाटते. क्ष² + ६क्ष + ५ = ० घ्या. मोठा चौरस मांडा, सहा पट्ट्या दोन बाजूंना तीन-तीन लावा. कोपऱ्यात ३ × ३ म्हणजे नऊ चौरसांची जागा मोकळी आहे आणि हातात पाचच आहेत. चार कमी. दोन्ही बाजूंना ४ मिळवले की (क्ष + ३)² = ४. म्हणून क्ष + ३ हा २ किंवा −२, आणि क्ष हा −१ किंवा −५. ‘सहगुणकाच्या निमपटीचा वर्ग मिळवा’ (सहगुणक म्हणजे क्ष च्या पदातली संख्या, इथे ६) या नियमातली निमपट म्हणजे दोन बाजूंना वाटलेल्या पट्ट्या आणि वर्ग म्हणजे तो रिकामा कोपरा.

नवव्या शतकात बगदादमध्ये गणितज्ञ अल-ख्वारिझ्मी यांनी क्ष² + १०क्ष = ३९ हे समीकरण याच चित्राने सोडवलं: कोपरा २५ चा, पूर्ण चौरस ६४ चा, बाजू ८, म्हणून क्ष = ३. दुसरी उकल −१३ त्यांनी दिली नाही, कारण चित्रात ऋण बाजू काढता येत नाही. टाइल्सचीही हीच मर्यादा आहे. आपल्याकडे भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या बीजगणितात धन संख्येला धन आणि ऋण अशी दोन वर्गमुळं असतात हे स्पष्ट सांगितलं आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव याने स्थापलेल्या मठाचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. पहिल्या अज्ञात संख्येला यावत्तावत् आणि पुढच्यांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं देण्याची त्यांची पद्धत होती, आणि ऋण संख्येवर ते टिंब देत. म्हणून रंगीत तुकडे ही परदेशातून आलेली फॅशन आहे, असं समजायचं कारण नाही.

## मग पडदा कशाला?

पुठ्ठ्याची पट्टी लांब-आखूड होत नाही. चल बदलतो, हे तिला दाखवता येत नाही. ते काम स्लायडरचं. स्लायडर म्हणजे पडद्यावरची सरकती कळ. ती हलवली की संख्या बदलते आणि तिच्यावर अवलंबून असलेलं सगळं त्याच वेळी बदलतं.

यासाठी तीन मोफत साधनं पुरेशी आहेत. जिओजेब्रा हे आलेख आणि आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग विद्यापीठात सुरू केलं. फेट हा नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेला सिम्युलेशनचा, म्हणजे पडद्यावर हाताळता येणाऱ्या प्रयोगांचा, प्रकल्प. त्यातलं ‘इक्वॅलिटी एक्सप्लोरर’ हे तराजूचं आणि ‘एरिया मॉडेल अल्जेब्रा’ हे टाइल्सचं पुढचं पाऊल आहे. त्यातली काही सिम्युलेशन मराठीतही आहेत आणि फाइल एकदा उतरवून घेतली की इंटरनेट नसतानाही चालतात. तिसरं डेस्मॉस, आलेख पटकन काढायला ते सगळ्यात सोपं.

एक तास कसा घ्यायचा बघा. जिओजेब्रात य = क्ष² − ५क्ष + ग काढा (टाइप करताना अर्थातच पुस्तकातली इंग्रजी अक्षरं) आणि ग चा स्लायडर करा. ग = ४ असताना वक्र आडव्या अक्षाला १ आणि ४ वर छेदतो, ग = ६ असताना २ आणि ३ वर. आता मुलांना कळ हलवू देण्याआधी विचारा, ग वाढवत नेला तर काय होईल? अंदाज वहीत लिहून झाल्यावरच हात लावायचा. दोन छेदनबिंदू जवळ येतात, ग = ६.२५ ला एकच होतात, पुढे वक्र अक्षाच्या वर निघून जातो. मग विवेचक (समीकरणाला मुळं, म्हणजे उकली, किती आहेत हे सांगणारी राशी) काढा: २५ − ४ग. तो शून्य केव्हा? ६.२५ ला. दहावीत पाठ केलेले ‘दोन भिन्न, समान, वास्तव मुळं नाहीत’ हे तीन प्रकार डोळ्यांसमोर एकामागून एक येतात.

इथे फसगत होते ती स्लायडरच्या मूळ सेटिंगमुळे. जिओजेब्रात तो −५ ते ५ आणि ०.१ च्या टप्प्याने चालतो. ६.२५ पर्यंत तो पोचतच नाही, आणि कमाल मर्यादा वाढवली तरी ६.२ वरून ६.३ वर उडी मारतो. समान मुळांचा क्षण निसटतो. तासाआधी मर्यादा −५ ते १० आणि टप्पा ०.२५ करून ठेवा. दुसरी काळजी अक्षांची. बोटांनी चित्र लहान-मोठं करताना दोन अक्षांचं प्रमाण बिघडलं की चढ १ असलेली रेषा ४५ अंशांत दिसत नाही आणि मुलं चढाबद्दल चुकीचा निष्कर्ष काढतात. तिसरी, दोन अक्षरांचा गुणाकार लिहिताना मधे गुणाकाराचं चिन्ह किंवा मोकळी जागा द्या, नाहीतर सॉफ्टवेअर ते दोन अक्षरी नाव समजू शकतं.

आणखी एक प्रयोग चांगल्या मुलांनाही विचारात पाडतो. य = क्ष² + ख × क्ष + ४ मध्ये फक्त ख बदला. बहुतेकांचा अंदाज असतो की वक्र डावी-उजवीकडे सरकेल. प्रत्यक्षात त्याचं टोक एका उलट्या वक्रावरून प्रवास करतं, य = ४ − क्ष² या. ख = २ ला टोक (−१, ३), ख = −४ ला (२, ०); दोन्ही बिंदू त्या उलट्या वक्रावर आहेत. टोकाची खूण उमटत राहील अशी सोय चालू करा आणि कारण वहीत शोधायला लावा. हे कारण पडदा सांगत नाही, ते बीजगणितानेच काढावं लागतं.

## पॅनल आहे तर पुठ्ठा कशाला कापायचा?

पडद्यावरच्या टाइल्स बहुधा योग्य जागी आपोआप चिकटतात. मूल नुसतं ढकलत राहिलं तरी आयत जुळतो. पुठ्ठ्यावर प्रत्येक तुकडा कुठे ठेवायचा हे त्यालाच ठरवावं लागतं, आणि शिकणं त्या ठरवण्यात आहे. शिवाय पॅनलपुढे एका वेळी एकच मूल उभं राहतं. आधी हात, मग पडदा हा क्रम म्हणूनच ठेवावा. अपवाद आलेखांचा, ते एकदा-दोनदा आलेख कागदावर काढून झाले की पडदाच बरा.

## परीक्षेत टाइल्स चालत नाहीत, त्याचं काय?

दहावीचा गणित भाग १ चा, म्हणजे बीजगणिताचा, पेपर ४० गुणांचा आहे आणि त्यात लिहूनच दाखवावं लागतं. म्हणून टाइल्स सोडण्याचं वेळापत्रक पहिल्याच दिवशी ठरवा. दोन तास टाइल्स. मग वहीत चित्र, ज्यात चौरस म्हणजे क्ष², रेघ म्हणजे क्ष, टिंब म्हणजे १. त्यानंतर नुसती चार घरांची चौकट, घरांत पदं लिहिलेली. आणि शेवटी फक्त ओळी. वस्तू, चित्र, चिन्ह हा क्रम मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६० च्या दशकात मांडला आणि सिंगापूरने १९८० च्या दशकापासून आपला गणिताचा अभ्यासक्रम त्यावर उभा केला. चित्राची पायरी गाळली की टाइल्सवर छान करणारं मूल पेपरात कोरं राहतं, आणि लोक म्हणतात साहित्याचा उपयोग होत नाही.

उपयोगाबद्दल संशोधन काय म्हणतं तेही पाहू. प्रत्यक्ष साहित्याने गणित शिकवण्यावरच्या ५५ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसती चिन्हं वापरून शिकवण्यापेक्षा फायदा दिसला, पण तो लहान ते मध्यम होता. आणि शिक्षकाने मार्गदर्शन किती केलं यावर तो बराच अवलंबून होता. साहित्य वाटून ‘शोधा तुम्हीच’ म्हणणं पुरत नाही.

## वेळ कुठून आणायचा?

सगळ्या धड्यांना टाइल्स लावू नका. सहावी-सातवीत समीकरणांची ओळख होताना तराजू, आठवीत विस्तार आणि अवयव शिकवताना टाइल्स, दहावीत पूर्ण वर्गासाठी एक तास टाइल्स आणि मुळांच्या स्वरूपासाठी एक तास स्लायडर, एवढं भरपूर आहे. दोन चलांतल्या रेषीय समीकरणांना टाइल्स ओढूनताणून लावू नयेत. तिथे आलेखच नेमकं सांगतो, दोन रेषा जिथे छेदतात ती उकल.

‘हुशार मुलांचा वेळ जातो’ ही तक्रारही येते. त्यांना उलटे प्रश्न द्या. एक मोठा चौरस आणि बारा छोटे दिले, तर किती पट्ट्या घेतल्या की आयत जुळेल? (७, ८ किंवा १३.) सहा पट्ट्या दिल्या, तर छोटे चौरस किती चालतील? (५, ८, ९, आणि एकही नसेल तरी.) २क्ष² + ७क्ष + ३ चा आयत करा. यावर हुशार मुलंही तासभर गुंतून राहतात.

## समजलं की नाही, हे कसं ओळखायचं?

टाइल्स समोर नसताना (क्ष + ४)² विचारा आणि सोबत चित्र काढायला सांगा. मग क्ष = १० घालून तपासायला लावा: १४ चा वर्ग १९६, आणि १०० + ८० + १६ सुद्धा १९६. कुणी क्ष² + १६ लिहिलं असेल तर त्याचे ११६ येतात आणि चूक त्याचं त्यालाच सापडते. ही तपासणी टाइल्सशिवाय, मोबाइलशिवाय, परीक्षेच्या बाकावरही करता येते. म्हणून प्रत्येक उदाहरणाखाली ती एका ओळीत लिहायची सवय लावा.

फोटो काढला की पायऱ्यांसकट उत्तर देणारी अ‍ॅप्स मुलांच्या हातात आहेतच. घरच्या अभ्यासात त्यांना अडवणं अवघड आहे, म्हणून प्रश्नच बदला: ‘सोडवा’ याऐवजी ‘या सोडवलेल्या उदाहरणात कितव्या ओळीत चूक झाली आणि तराजूवर ती कशी दिसेल ते लिहा’.

आणि एखादं मूल अडलं तर त्याला थेट टाइल्सकडे परत पाठवू नका. एकच पायरी मागे न्या: ओळींत अडलं तर चौकटीकडे, चौकटीत अडलं तर चित्राकडे. चित्रातही अडलं, तरच पुठ्ठ्याचा डबा उघडा.